वालुकाश्मातल्या तिरप्या रेषा: वाऱ्याने साचवलेले थर कसे वाचायचे?

तिरपीरेघ (धागाकर्ती)

नवाहो वालुकाश्माच्या कड्यांची छायाचित्रे बारकाईने पाहते आहे. अमेरिकेतल्या युटा-ॲरिझोना भागातले, साधारण १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वीचे वाळवंट. "ही वाऱ्याने आणलेली वाळू" एवढे सगळीकडे लिहिलेले असते, पण पुढचे कुणी उलगडून सांगत नाही. माझे प्रश्न:

१. गाळ सपाट साचतो असे शाळेत शिकवतात. इथे एकेका जाड पट्ट्यातल्या बारीक रेषा २०-२५ अंशांनी कललेल्या आहेत आणि तो पट्टा वरून जवळजवळ सपाट रेषेने छाटलेला आहे. त्याच्यावर पुन्हा तिरप्या रेषांचा पट्टा, कधी वेगळ्याच दिशेला कललेला. मध्ये हे छाटले कशाने?

२. वारा वाळू चाळून एकसारख्या कणांची करतो म्हणतात. सगळे कण सारखेच असतील तर मुळात रेषा दिसतात कशामुळे?

३. नदीच्या वाळूतही तिरपे थर असतात. मग हे वाऱ्याचेच, हे कशावरून ठरवतात?

दुवे नकोत, कारणांसकट उत्तर हवे आहे.

---

भूस्तर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो.

"एकसारखे कण" हे अर्धेच खरे. ०.०७ मिमीहून बारीक धूळ हवेत तरंगत दूर निघून जाते, त्यामुळे वाळूच्या टेकडीत ती फारशी उरत नाही. ०.१ ते ०.५ मिमीचे कण उड्या मारत जातात (सॉल्टेशन). बहुतेक उड्या गुडघ्याच्या उंचीखालीच असतात आणि कण खाली येताना जमिनीवर १०-१५ अंशांच्या पसरट कोनात आदळतो. त्याहून जाड कण उडत नाहीत, आदळणाऱ्यांच्या धक्क्यांनी पुढे सरकतात. पाव मिलिमीटरची कोरडी वाळू हलायला १० मीटर उंचीवर मोजलेला वारा सेकंदाला साधारण ५-६ मीटर लागतो. उड्या एकदा सुरू झाल्या की त्याहून सुमारे २० टक्के कमी वाऱ्यातही चालू राहतात, कारण आता वाऱ्याऐवजी आदळणारा कणच पुढच्याला उडवतो. राल्फ बॅग्नोल्ड यांनी १९३० च्या दशकात वातबोगद्यात आणि वाळवंटात हे मोजले आणि १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या चौकटीवर आजही काम चालते.

म्हणजे टेकडीतही ०.१ आणि ०.५ मिमीचे कण शेजारी शेजारी असतात, आणि प्रत्येक प्रक्रिया त्यांना वेगळ्या पद्धतीने निवडते. रेषा त्या निवडीची आहे. टेकडीवर थर तीन तऱ्हांनी पडतात; हे वर्गीकरण राल्फ हंटर यांनी १९७७ मध्ये नीट बसवले.

रिपलचे थर. वाऱ्याच्या लहरी (रिपल) साधारण ७ ते १५ सेंमी अंतरावर असतात, उंची जेमतेम काही मिलिमीटर. जाड कण लहरीच्या माथ्याकडे जमतात, बारीक कण खोलगटात अडकतात. लहर पुढे सरकते आणि त्याच वेळी वाळूची भर पडत असेल, तर प्रत्येक लहर आपल्यामागे काही मिलिमीटरचा पापुद्रा सोडून जाते. त्यात बारीक कण खाली आणि जाड कण वर. पाण्यात प्रवाह मंदावत जाताना पडलेल्या थरात बहुधा उलटे असते, हे लक्षात ठेवा. तिसऱ्या प्रश्नात कामी येईल. या पापुद्र्याच्या आतली लहरीची स्वतःची तिरपी रचना जवळजवळ कधीच दिसत नाही. एक तर पापुद्रा फार पातळ, आणि पुढची लहर आधीचीचा वरचा भाग खाऊन टाकते.

पडीचे थर. टेकडीच्या माथ्याची धार ओलांडली की वारा जमिनीपासून सुटतो आणि उडते कण मागच्या शांत हवेत नुसते खाली पडतात. धारेपासून जितके दूर तितकी पड झपाट्याने कमी. हे थर पातळ, पुसट, उतारावर पांघरूण घातल्यासारखे. मोठ्या टेकडीवर ते पायथ्यापर्यंत पोचतच नाहीत.

घसरणीचे थर. पड धारेजवळच जास्त झाल्याने उताराचा वरचा भाग ताठ होत जातो. सुमारे ३४ अंशांपर्यंत चढला की वाळू जिभेसारख्या ओघळात घसरते आणि दोन-चार अंश खाली येऊन थांबते. एका घसरणीचा थर साधारण १ ते ५ सेंमी जाड. घसरताना बारीक कण जाड कणांच्या फटींतून तळाशी उतरतात, जाड कण वर येतात आणि खालपर्यंत गडगडत जातात. म्हणून इथेही जाड कण वर, शिवाय पायथ्याशी जास्त.

घट्टपणातला फरक तर याहून महत्त्वाचा. हंटर यांच्या मापांप्रमाणे ताज्या वाळूत घसरणीच्या थरात सुमारे ४५ टक्के पोकळी असते, पडीच्या थरात ४० आणि रिपलच्या थरात ३९ टक्के. पाच-सहा टक्के किरकोळ वाटतील. पण वाळूतून पाणी फिरते तेव्हा बारीक, घट्ट पापुद्रे ओल धरून ठेवतात, तिथे कॅल्साइट किंवा सिलिका ही कण जोडणारी खनिजे आधी जमतात आणि तो पापुद्रा टणक होतो. ढिले थर मागाहून झिजतात. उघड्या कड्यावर ज्या उठून दिसणाऱ्या बारीक रेघा तुम्ही पाहता त्या बऱ्याचदा हे टणक पापुद्रे असतात. ताज्या कापलेल्या पृष्ठावर तोच खडक जवळजवळ एकसंध दिसू शकतो.

आता पहिला प्रश्न. टेकडी वाताभिमुख (वाऱ्याकडच्या) बाजूने झिजते आणि वातविन्मुख (आडोशाच्या) बाजूला वाढते, म्हणजे पुढे सरकते. वाढणाऱ्या बाजूचे सगळे थर तिरपेच पडणार, कारण तो उतारच ३०-३४ अंशांचा आहे. "गाळ सपाट साचतो" हा नियम सपाट तळासाठी. तळच उतरता असेल तर थरही उतरता. टेकडीमागून दुसरी टेकडी येते. तिच्यापुढचा खोलगट भाग पहिल्या टेकडीची पाठ खरवडत जातो आणि पहिलीचा फक्त पायथ्याकडचा तुकडा शिल्लक राहतो. छाटणारी सपाट रेषा ही त्या खोलगट भागाची वाट. तिच्यावर दुसऱ्या टेकडीचे तिरपे थर बसतात.

तुकडा किती जाड उरणार, हे टेकड्या पुढे सरकताना किती वर चढतात त्यावर ठरते:

पट्ट्याची जाडी = दोन टेकड्यांमधले अंतर × टॅन (चढाचा कोन)

टेकड्या २०० मीटर अंतरावर आणि चढ अर्धा अंश असेल तर पट्टा सुमारे १.७५ मीटरचा. टेकडी २० मीटर उंच असली तरी खडकात एवढेच राहते. म्हणून पट्ट्याच्या जाडीवरून टेकडीची उंची थेट काढता येत नाही. ती निदान तेवढी होती इतकेच म्हणता येते. नवाहोत १०-१५ मीटरचे पट्टे आढळतात, त्यावरून टेकड्या किती अवाढव्य असतील याचा अंदाज करा. युटातल्या झायन परिसरात हा वालुकाश्म एकूण सुमारे ६७० मीटर जाड आहे, तोही अशाच तुकड्यांवर तुकडे रचून.

कोन ३४ ऐवजी २०-२५ का, हेही यातूनच निघते. उताराचा ताठ वरचा भाग छाटला गेला. उरला तो पायथा, जिथे थर वळून तळाला जवळजवळ समांतर होतात. शिवाय वरच्या वजनाने वाळू दबली. ३३ अंशांचा थर उभ्या दिशेत २० टक्के दबला तर सुमारे २७ अंशांवर येतो.

एक फायदा फुकटात मिळतो: वरचे टोक तुटक छाटलेले आणि खालचे टोक वळून तळाला मिळालेले. खडक घडीत सापडून उलटा झाला असेल तर यावरून लगेच कळते.

---

कोरडीवाळू

भूस्तर यांच्या उत्तरात एक पुरवणी. छाटणाऱ्या सगळ्या रेषा एकाच जातीच्या नसतात, आणि त्या एक समजल्या की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

सगळ्यात लांब, सपाट, शेकडो मीटर सलग जाणाऱ्या रेषा मोठ्या टेकड्यांच्या मधल्या खोलगटांनी केलेल्या. त्यांच्यामध्ये, उताराच्या दिशेने कललेल्या रेषा दिसतात. त्या मोठ्या टेकडीच्या पाठीवरून सरकणाऱ्या छोट्या टेकड्यांच्या. आणि एकाच पट्ट्याच्या आत तिरपे थर हलक्या कोनात कापून पुन्हा जवळजवळ तसेच सुरू होत असतील, तर वाऱ्याची दिशा किंवा जोर तात्पुरता बदलून उतार थोडा खरवडला गेला होता. मायकल ब्रूकफील्ड यांनी १९७७ मध्ये यांना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमाच्या सीमा म्हटले. ओळखायची रीत सोपी आहे: कोण कुणाला छाटते ते पाहा. पहिल्या क्रमाची सीमा बाकी दोघींना छाटते, तिला त्यांतली कुठलीच छाटत नाही.

याखेरीज एक चौथी जात आहे, ती टेकड्या सरकल्याने होतच नाही. भूजलपातळी वर असेल तर ओली वाळू उडत नाही. वारा कोरडी वाळू उडवत ओलीपर्यंत पोचतो आणि तिथे थांबतो. सगळ्या वाळवंटभर एक सपाट पातळी तयार होते. विल्यम ली स्टोक्स यांनी १९६८ मध्ये हे मांडले. अशा पातळीवर मिठाच्या पापुद्र्याने वेडावाकडा झालेला थर, चिखलाच्या भेगा किंवा ओल्या पृष्ठाला चिकटलेल्या वाळूचे काही मिलिमीटरचे चामखिळीसारखे उंचवटे मिळतात. यांतले काही सापडल्याशिवाय "भूजलाची पातळी" असे लिहू नये. सपाट आहे एवढे कारण पुरत नाही.

टेकडीचा पायथाच उरतो, यालाही अपवाद आहेत. नामिबियात एटेंडेका लाव्हा वाळवंटावर पसरला तेव्हा त्याने काही टेकड्या आख्ख्या गाडल्या. तिथे टेकडीचा बाहेरचा आकार आजही दिसतो. इंग्लंडच्या ईशान्य भागात पर्मियन काळातल्या (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) टेकड्या समुद्र झपाट्याने आत आल्याने बुडाल्या आणि त्यांचे माथे वरच्या थरांखाली शाबूत राहिले. झटपट गाडले गेले तरच असे होते.

---

पाषाणभेद

तिसऱ्या प्रश्नावर. "कण गोल आहेत, काचेसारखे चमकत नाहीत, घासल्यासारखे धूसर दिसतात, म्हणून वारा" हे वाक्य जितक्या ठिकाणी दिसेल तितक्या ठिकाणी त्यापुढे प्रश्नचिन्ह लावा. धूसरपणा जमिनीत गाडल्यानंतर रासायनिक झिजेनेही येतो. गोल कण जुन्या वालुकाश्मातून सुटून नदीतही येतात. खूण म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

माझ्या मते वजनदार खुणा या:

तिरप्या थरांच्या पायथ्याशी काही मिलिमीटरचे, एकसारख्या जाडीचे, बारीक-खाली-जाड-वर असे पापुद्रे. एकच खूण निवडायची असेल तर मी ही निवडेन, कारण पाण्यातल्या लहरी असे पापुद्रे सहसा करत नाहीत.

लहरींच्या माथ्यांची दिशा. टेकडीच्या वातविन्मुख उतारावर आडवे वाहणारे वारे लहरी करतात, त्यामुळे त्यांचे माथे उताराच्या दिशेने खालीवर धावतात. पाण्याखालच्या वाळूच्या लाटांवर अशी मांडणी क्वचित. शिवाय लहरींमधले अंतर भागिले उंची काढा: वाऱ्याच्या लहरींत हा आकडा बहुधा १५ च्या वर, पाण्याच्या लहरींत बहुधा त्याखाली. काठावरचा आकडा आला तर त्यावर निर्णय घेऊ नका.

घसरणीचे स्पष्ट, सेंटिमीटरभर जाडीचे, खाली निमुळते होत संपणारे थर. अभ्रक आणि चिकणमातीचा जवळजवळ अभाव. अभ्रकाचे पातळ पत्रे वाऱ्यात आपटून चुरा होतात आणि उडून जातात. पावसाच्या थेंबांचे ठसे, जनावरांच्या पावलांचे ठसे. ग्रँड कॅन्यनमधल्या कोकोनिनो वालुकाश्मात (पर्मियन, सुमारे २७-२८ कोटी वर्षे) तिरप्या पृष्ठांवर चढत गेलेल्या पावलांच्या रांगा प्रसिद्ध आहेत.

यांतल्या निदान तीन खुणा एकाच ठिकाणी, एकमेकींशी जुळून मिळाल्या तर वारा म्हणा. नुसता पट्टा मोठा आहे म्हणून म्हणू नका. उथळ समुद्रात भरतीच्या प्रवाहांनी झालेल्या वाळूच्या लाटाही अनेक मीटर उंच असतात.

---

तिरपीरेघ

खूप स्पष्ट झाले, आभार. आणखी तीन शंका.

एक: प्रत्येक रेषा म्हणजे एक वर्ष का? काही ठिकाणी झाडाच्या कड्यांसारखे मोजल्याचे वाचले.

दोन: एकाच कड्याच्या दोन बाजूंच्या छायाचित्रांत एका बाजूला रेषा २५ अंशांच्या आणि दुसरीकडे जवळजवळ आडव्या दिसतात. खडक तोच. असे कसे?

तीन: लाल-पिवळ्या नागमोडी पट्ट्या या थरांच्याच का? त्या काही ठिकाणी बारीक रेषांना ओलांडून जाताना दिसतात.

---

भूस्तर

पहिली शंका: नाही. घसरणीचा एक थर काही सेकंदांत पडतो, रिपलचा पापुद्रा काही मिनिटांत. हजार रेषा म्हणजे हजार वर्षे असा हिशोब ज्याने केला असेल त्याने टेकडी सरकताना पाहिलेली नाही.

वर्षाची खूण वेगळी असते, आणि ती एका रेषेत नसून रेषांच्या गटात असते. वर्षातून एक ऋतू असा की जोरदार वारा धारेवरून येतो आणि घसरणी होत राहतात. दुसऱ्या ऋतूत वारा दिशा बदलतो, घसरण थांबते आणि पायथ्याशी रिपलच्या पापुद्र्यांची पाचर बसते. हे चक्र दर वर्षी झाले तर खडकात घसरणीचा जाड गट, रिपलची पाचर, पुन्हा घसरणीचा गट असे नियमित अंतराने दिसते. दोन पाचरींमधले आडवे अंतर म्हणजे टेकडी वर्षभरात किती सरकली. नवाहोत अशी चक्रे आहेत. त्याच खडकात, कोयोट ब्यूट्स परिसरात, पावसाने भिजून सरकलेले वाळूचे छोटे कोसळे डेव्हिड लूप आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले आणि ते वार्षिक मोसमी पावसाचे मानले.

चक्र वार्षिकच आहे असे म्हणण्याआधी दोन गोष्टी तपासा. अंतर खरोखर नियमित आहे का. अनियमित असेल तर ते एखाद्या वादळाचे किंवा टेकडीवर चढलेल्या छोट्या टेकडीचे असू शकते. आणि सलग किती चक्रे मोजता येतात. चार-पाचांवरून नियम काढू नये.

---

दगडधोंडा

दुसरी शंका कापाच्या दिशेची आहे. कडा उताराच्या दिशेने कापलेला असेल तर खरा कोन दिसतो, आडवा कापलेला असेल तर तेच थर आडवे दिसतात. मधल्या कापांसाठी:

टॅन (दिसणारा कोन) = टॅन (खरा कोन) × साइन (कड्याची दिशा आणि थराच्या आडव्या रेषेची दिशा यांतला कोन)

खरा उतार २५ अंश आणि मधला कोन ३० अंश असेल तर दिसणारा कोन सुमारे १३ अंश. छायाचित्रावर कोनमापक ठेवून काढलेले आकडे म्हणूनच जवळपास निरुपयोगी असतात, वर कॅमेरा तिरका असण्याचा घोळ निराळाच. आडव्या कापात टेकडीची धार वळणदार असेल तर थर पन्हळीसारखे, मध्ये खोल आणि दोन्ही बाजूंनी वर चढलेले दिसतात. ते पाहून "इथे नदीचे पात्र होते" असा निष्कर्ष काढलेला वाचायला मिळतो. आत काय भरले आहे ते बघा: नदीच्या पात्राच्या तळाशी गोटे, चिखलाचे तुकडे असतात, इथे फक्त तीच वाळू.

प्रत्यक्ष मोजायचे तर क्रम असा ठेवावा.

आधी लांबून पूर्ण कड्याचे रेखाटन: पट्टे, छाटणाऱ्या सीमा, कोण कुणाला छाटते. हे न करता थेट मोजायला गेले की एकाच पट्ट्यातली मापे दहा पट्ट्यांची म्हणून लिहिली जातात.

मग जवळून १० पट भिंग. खडक कोरडा असताना पापुद्रे दिसत नसतील तर थोडे पाणी शिंपडा. सच्छिद्र थर पाणी पटकन ओढून घेतात, घट्ट थर ओले राहतात आणि फरक उठून येतो. प्रत्येक पट्ट्यात रिपल, पड आणि घसरण कुठे कुठे आहे ते जाडीसकट लिहा. कण मोजायला ग्रेन-साइज कार्ड पुरते.

मग कंपास-क्लिनोमीटरने उताराचा कोन आणि दिशा. पृष्ठ उघडे नसेल तर एकाच थरावर दोन वेगवेगळ्या दिशांच्या कापांतले दिसणारे कोन घ्या आणि त्यांतून खरा उतार काढा. दर पट्ट्यामागे एक-दोन मापे, पण पट्टे जास्त. एका उघड्या भागात २०-३० मापे झाली की चित्र स्थिरावू लागते. चंद्रकोरीसारख्या टेकडीचे थर पंख्यासारखे पसरतात, त्यामुळे एका टोकाची दोन मापे वाऱ्याची दिशा ६०-७० अंशांनी चुकवू शकतात.

सरासरी साधी काढू नका. ३५० आणि १० अंशांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे बरोबर उलटी दिशा. प्रत्येक मापाचे साइन आणि कोसाइन वेगवेगळे बेरजून त्यांतून दिशा काढा. खडक नंतर कलला असेल तर तो कल आधी वजा करा, आणि त्यासाठी पाया म्हणून टेकड्यांमधल्या तळ्यात साचलेला चुनखडीचा किंवा चिखलाचा थर घ्या. तिरपा थर किंवा छाटणारी सीमा घेऊ नका. सीमा स्वतःच थोडी कललेली असू शकते.

आलेली दिशा "वारा इकडे वाहत होता" असे सांगते ते टेकड्या वाऱ्याला आडव्या असतील तरच. वाऱ्याच्या दिशेने लांबत जाणाऱ्या टेकड्यांत घसरण दोन्ही बाजूंना होते. तिथे थरांचा उतार मुख्य वाऱ्याला जवळजवळ काटकोनातही असू शकतो. मापे दोन विरुद्ध गटांत पडत असतील तर एक सरासरी काढून मोकळे होऊ नका.

---

पाषाणभेद

तिसरी शंका रास्त आहे. थरांना ओलांडणारा रंग थराचा नसतो. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो, त्याने खडक लाल दिसतो. नंतर खडकातून फिरणाऱ्या पाण्याने काही भागातले लोह विरघळवून नेले, तो भाग फिका पडला. जिथे पुन्हा साचले तिथे गडद पट्ट्या किंवा गोळे झाले. पाणी सैल थरांतून सहज जाते, म्हणून रंग पुष्कळदा थरांना धरून चालतो आणि फसवतो. रेषा थराची की रंगाची हे ठरवायला भिंगाखाली कणांचा आकार पाहा. रेषेच्या दोन्ही बाजूंना कण सारखेच असतील तर ती रंगाची.

झायनमधल्या चेकरबोर्ड मेसावरही हीच गफलत होते. तिथल्या आडव्या-तिरप्या रेषा थरांच्या आहेत, उभ्या रेषा मात्र पृष्ठ तापण्या-निवण्याने आणि ओल्या-कोरड्याने पडलेल्या भेगा. आणि एखाद्या पट्ट्यातले थर पीळ घातल्यासारखे वळलेले दिसले तर तो वाऱ्याचा पराक्रम नाही; पाण्याने भरलेली वाळू हादऱ्याने किंवा वरच्या भाराने द्रवासारखी वागली, त्याची ती खूण.

---

कोरडीवाळू

घसरणीत कण आपोआप कसे वेगळे होतात हे टेबलावर पाहता येते. १९९७ मध्ये मॅक्से, हॅवलिन, किंग आणि स्टॅन्ली यांनी केलेल्या प्रयोगाचे हे साधे रूप.

लागणारे: सुमारे ३० × २० सेंमीच्या दोन पारदर्शक ॲक्रिलिक पाट्या, ५ मिमी जाडीच्या पट्ट्या, चिमटे. पट्ट्या तळाला आणि एका उभ्या कडेला बसवून पाट्यांमध्ये ५ मिमीची फट ठेवा. मिश्रण समान मापाचे: ०.८ मिमीच्या आसपासची दाणेदार साखर आणि ०.३ मिमीच्या आसपासची गडद, शक्य तितकी गोल कणांची वाळू. वाळू नीट वाळवून चाळून घ्या. कागदाच्या अरुंद नरसाळ्याने बंद कडेच्या कोपऱ्यात बारीक धारेने मिश्रण सोडा. ढीग वाढेल तसे साखर आणि वाळूचे आलटून पालटून तिरपे थर दिसू लागतात, एक जोडी साधारण सेंटिमीटरभराची.

थर आलेच नाहीत तर कारण बहुधा यांतले एक:

धार फार जाड. मिश्रण सतत वाहत राहते आणि घसरण-थांबा-घसरण हे चक्रच होत नाही. धार बारीक करा.

जाड कण गुळगुळीत आणि गोल. मग फक्त विभागणी होते, बारीक वर आणि जाड पायथ्याशी, पण थर नाहीत. थरांसाठी जाड कण बारीक कणांपेक्षा खडबडीत हवेत. मूळ प्रयोगात बारीक कण म्हणून घेतलेले काचेचे मणी २६ अंशांवर ठरत होते आणि साखर ३९ अंशांवर. आपल्या दोन्ही पदार्थांचे वेगवेगळे ढीग करून हे कोन आधी मोजून घ्या, म्हणजे मिश्रण वाया जात नाही.

बारीक कण पाटीला चिकटतात. ॲक्रिलिकवर स्थिर विद्युत जमते; ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्या. काच वापरली तर हा त्रास कमी.

साखर दमट. गोळे होतात आणि धार अडते. रंगवायच्या नादात साखर भिजवू नका, म्हणूनच वाळू गडद घ्यायची.

हा प्रयोग घसरणीचा एक भाग दाखवतो. टेकडीतल्या कणांच्या आकारांत एवढा फरक नसतो आणि रिपल, पड, छाटणी यांतले काहीच इथे होत नाही.

---

तिरपीरेघ

वाळू आणि साखरेचे कोन मोजले: २९ आणि ३७. धार बारीक केल्यावर थर आले, पण पाटीच्या मोकळ्या टोकाकडे ते पुसट होत जातात. चूक की अपेक्षित?

---

कोरडीवाळू

अपेक्षित. घसरण तिथपर्यंत पोचेतो बारीक कण वाटेतच गाळले गेलेले असतात, टोकाकडे जवळजवळ नुसती साखर जाते. मोकळ्या टोकाला ढीग बाहेर सांडू लागला की उतार लहान-मोठा होत राहतो, त्याचाही परिणाम होतो. सांडायच्या आधीच थांबा आणि जाडी मधल्या एकतृतीयांश भागात मोजा. त्याच मिश्रणात ०.३ ऐवजी ०.५ मिमीची वाळू घेऊन पाहा. फरक कमी झाला की थर कितपत टिकतात ते दिसेल.